कीबोर्ड माझ्याकडे सरकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

समोर आलो की गळा दाटतो, म्हणून लिहितोय. आणि चार लोकांना कळावं म्हणून उघड लिहितोय.

पंचगंगेकाठच्या पाणी-लिफ्टचा पंप बिघडण्याआधीच त्याच्या कंपनांवरून ओळखणारी पेटी करायची, हे माझं स्वप्न. पण आतली एफपीजीए चिप, म्हणजे जिची आतली जोडणी आपल्याला हवी तशी करता येते ती चिप, दोन दिवसांत बॅटरी संपवायची. आधी ज्या तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी आगाऊ पैसे घेतले, लॅपटॉपची स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि महिन्याभरानं सांगितलं, "मोठी बॅटरी लाव." कारण विचारलं तर, "तुला नाही कळायचं." ते अजून झोंबतं.

तुम्ही उद्यमनगरातल्या आमच्या लेथच्या खोलीत आलात, स्टुलावर बसलात, चिपवर बोट ठेवलंत. "काम नसताना बी गरम हाय ही. का, ते तूच शोध. मी हाय हितंच." आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात.

सर, त्या सरकवण्यानं काय झालं ते तुम्हाला सांगता येणार नाही. दोन तास मी चुकत होतो आणि तुम्ही एकदाही हात पुढे केला नाहीत. लेथचा आवाज चालू, चहा गार झालेला, तुम्ही नुसते बघत बसलेले.

मग मला दिसलं. सेकंदाला काही हजार नोंदी पुरेत, आणि मी सगळी चिप ५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे क्लॉकच्या सेकंदाला पाच कोटी ठोक्यांवर, पळवत होतो. प्रत्येक ठोक्याला आतली वाहिनी भरते, रिकामी होते, तिथंच वीज जाते. व्होल्टेज निम्मं केलं तर ही वीज चौथाईवर येते, पण चिपचं व्होल्टेज चिप बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं. आपल्या हातात ही धावपळ कमी करणं. मी नुसतं एनेबल, म्हणजे काम नसताना भाग गप्प ठेवणारा इशारा, लावून खूश झालो, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि क्लॉक थांबलं का?" नव्हतं थांबलं. एकेक बिट धरून ठेवणारे फ्लिप-फ्लॉप गप्प, पण त्यांच्यापर्यंत जाणारी क्लॉकची वाट पळतच होती. मूळ क्लॉकचाच वेग उतरवला, मोकळ्या सोडलेल्या पिना बांधल्या, आणि चिप बोटाला गार लागली.

तुम्ही पैशांचं पाकीट परत केलंत. शिकलेला माणूस दुसऱ्याला लहान न करता शिकवू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पेटी तिसऱ्या आठवड्यातही त्याच बॅटरीवर चालू आहे. पुढच्या रविवारी ती लिफ्टवर बसवतोय. तुम्ही याल ना? स्टूल घेऊन येतो.

तुमचा,
उद्यमनगरचा विद्यार्थी