दोन पेशंटचा खर्च की निवेदनं?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की तुम्ही स्ट्रोकच्या पेशंटसाठी काम करणारे संस्थेवाले निवेदनं देण्यात आणि मीटिंगांना बसण्यात एवढा वेळ घालवता, त्यापेक्षा त्याच पैशात दोन गरजू पेशंटचा खर्च उचलला तर निदान दोन घरं तरी सावरतील. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, पण सवडीने वाच.

आईच्या स्ट्रोकचं, म्हणजे पक्षाघाताच्या झटक्याचं, तुला माहीत आहे, पण सगळं नाही. त्या दिवशी तिच्या हातातला पेला पडला, उचलायला गेली तर उजवा हात वर होईना, बोलणं बोबडं झालं, आणि आम्ही काय केलं तर अशक्तपणा असेल म्हणून तिला झोपवलं. तीन तास. मग जिथे आधी नेलं तिथे सीटी स्कॅनच नव्हता, आणि स्कॅन केल्याशिवाय कळतच नाही की मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकलीय का वाहिनी फुटून आत रक्तस्राव झालाय, वरून दोन्ही सारखंच दिसतं पण उपचार एकदम उलटे. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही दुसरीकडे पोचलो तोवर ती वेळ निघून गेली होती. मोठी वाहिनी बंद असेल तर तार घालून गाठ बाहेर काढता येते आणि निवडक पेशंटमध्ये हे अगदी २४ तासांपर्यंत उपयोगी पडतं हे २०१८ च्या सुमाराला आलेल्या ट्रायल्सनी, म्हणजे पेशंटवर केलेल्या चाचण्यांनी, दाखवलंय, पण ते करणारी टीम तिथे नव्हती.

इथपर्यंत तू ऐकलंयस. पुढचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जनरल वॉर्डात जो बेड रिकामा होता तो मिळाला, संध्याकाळी आई पाण्यासाठी खुणा करायला लागली आणि मी तिला चमच्याने पाणी पाजलं. ठसका लागला. थोडं थांबून परत पाजलं. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया झाला. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडतं रे, पाणी पोटात जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरतं, म्हणून तोंडात घोटभर पाणी द्यायच्या आधीसुद्धा गिळता येतंय का ते तपासायचं असतं. शिकवलं असेल तर वॉर्डातली सिस्टर ते करू शकते. पण त्या सिस्टरला कुणी शिकवलं होतं? एकटी अख्खा वॉर्ड सांभाळत होती, तिच्यावर माझा काडीचा राग नाही.

संस्थेत आल्यावर एक ट्रायल वाचली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिट्समध्ये, म्हणजे स्ट्रोकच्या खास वॉर्डांत, केलेली, निकाल २०११ मध्ये छापून आला. काही ठिकाणी सिस्टर्सना तीन गोष्टींची शिस्त घालून दिली, ताप आला की लगेच उतरवायचा, रक्तातली साखर वाढू द्यायची नाही, आणि गिळणं तपासल्याशिवाय तोंडावाटे काही द्यायचं नाही, पहिले तीन दिवस, बस एवढंच. ९० दिवसांनी बघितलं तर बाकीच्या युनिट्समध्ये मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले शंभरात ५८ होते आणि शिस्तीच्या ठिकाणी ४२. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. ते वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो, डोळ्यासमोर तो चमचा.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. इंजेक्शन बनवणारी कंपनी असते, तारा आणि मशीन बनवणारी कंपनी असते, त्यांची माणसं ते सगळीकडे पोचवायला धडपडतात आणि ते चांगलंच आहे. पण गिळणं तपासायची सवय विकणारा कुणी आहे का? स्ट्रोकचे पेशंट एका वॉर्डात ठेवायचे, तिथे डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट सगळ्यांनी मिळून काम करायचं, याला स्ट्रोक युनिट म्हणतात. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला २२० पेशंटवर याची ट्रायल झाली, १९९१ ला छापली, युनिटमध्ये ठेवलेले जास्त जगले आणि जास्त जण घरी गेले, आणि दहा वर्षांनी बघितलं तरी फरक टिकून होता. इंजेक्शन सगळ्यांना देता येत नाही पण अशा वॉर्डाचा फायदा गाठवाल्याला होतो तसा रक्तस्राववाल्यालाही होतो. आणि याची जाहिरात कोण करणार? ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनीच मागायचं असतं. आमची संस्था ते मागणं करते.

रिसर्चचंही तेच. आपल्याला योग्य वाटतं ते योग्य असतंच असं नाही, पेशंटला पहिल्या २४ तासांतच उठवून भरपूर चालवलं तर लवकर बरा होईल असं किती जणांना वाटायचं, २०१५ मध्ये २,१०४ पेशंटवरच्या ट्रायलने दाखवलं की इतक्या घाईने फायदा नाही, उलट थोडं नुकसानच होतं. हे पैसे घालून तपासलं म्हणून कळलं ना. आणि स्कॉटलंडमध्ये २०१२ च्या सुमाराला पेशंट, घरचे आणि थेरपिस्ट यांना एकत्र बसवून विचारलं की स्ट्रोकनंतरच्या आयुष्याबद्दल आधी कशावर संशोधन व्हायला हवं, तर पहिल्या दहात आलं काय, स्मरणशक्ती आणि विचार करणं, बोलणं, हात, थकवा. थकवा! आईला आंघोळ करून आली की तासभर पडावं लागतं, लोकांना वाटतं आळस आहे.

निवेदनांनी काय होतं म्हणालास. आजारांची जी जागतिक यादी असते, आयसीडी, तिच्या दहाव्या आवृत्तीत स्ट्रोक रक्ताभिसरणाच्या आजारांत होता, म्हणजे मेंदूचा आजार आणि हिशोब हृदयाच्या खात्यात. न्यूरोलॉजिस्ट लोकांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला, मीटिंगा केल्या, पत्रं लिहिली, आणि अकराव्या आवृत्तीत स्ट्रोक मज्जासंस्थेच्या आजारांत आला, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. नुसता रकाना बदलला असं वाटेल, पण ज्या रकान्यात मोजतात त्यावरूनच तर ठरतं ना पैसा कुणाला आणि किती. वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशन सांगते की पंचविशीपुढच्या चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी स्ट्रोक होतो, इतक्या लोकांचा खर्च कुठलीच संस्था उचलू शकत नाही.

पेशंटचे पैसे आम्ही भरत नाही असं मात्र समजू नकोस. रात्री फोन आला की भरतोच, तिथे मी वाद घालत नाही. पण त्यातला प्रत्येक जण आईसारखाच तीन तास घरी आणि दोन तास चुकीच्या दारात घालवून आलेला असतो.

यावेळच्या निवेदनात गिळणं तपासायचं ट्रेनिंग, अँब्युलन्सने थेट सीटी स्कॅनच्या ठिकाणी न्यायचा नियम, आणि प्रत्येक स्ट्रोकची नोंद ठेवणारी रजिस्ट्री मागितलीय, कारण नोंदच नाही तर सुधारलं का बिघडलं ते कुणाला कळणार. तू या क्षेत्रातला नाहीस म्हणूनच तुझी मदत हवीय. ड्राफ्ट उद्या पाठवतो, जिथे कंटाळा येईल किंवा कळणार नाही तिथे खूण कर. २९ ऑक्टोबरला, जागतिक स्ट्रोक दिनाला, ते द्यायला जायचंय. आईला सांगितलं तर तिने आधी कागदाकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि खूप वेळ लावून म्हणाली, "मी पण."

तुझा,
मी