नातवंडांची भेट हवी असेल तर ताबा मागू नका

संपादक महोदय,

घटस्फोट झाला किंवा मुलगा अकाली गेला, की सून मुलांना घेऊन माहेरी जाते आणि हळूहळू आजी-आजोबांचा फोनही उचलला जाईनासा होतो. लेक गेल्यावर जावयाच्या घरीही हेच घडते. मग ही माणसे पोलीस ठाण्यात जातात, तिथून प्रांत कार्यालयात, आणि दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततात. मूल स्वतःच्या आईकडे किंवा वडिलांकडे असेल तर पोलिसांना सहसा काही करता येत नाही. प्रांतांकडे ज्याखाली अर्ज जातो तो ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा निर्वाह आणि मालमत्तेचा आहे; नातवंडांच्या भेटीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आजी-आजोबांना भेटीचा स्वतंत्र हक्क देणारे कलम आपल्याकडे नाही, तरी वाट आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे आणि त्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाचा कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये पालकत्व आणि ताब्याच्या जोडीला मुलाच्या भेटीचाही उल्लेख आहे. न्यायालय बघते ते मुलाचे हित. म्हणून स्वतःच्या तळमळीवर पाने भरू नका. मूल किती वर्षे तुमच्याकडे होते, शाळेत कोण सोडत होते, तापात रात्रभर उशाशी कोण बसत होते, हे फोटो आणि तारखांसह लिहा. जन्मदाखला, मुलगा किंवा मुलगी हयात नसल्यास मृत्यूदाखला आणि भेटीसाठी पाठवलेले मेसेज जोडा.

भेट हवी असताना ताबा मागणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आई सक्षम असताना ताबा मिळणे अतिशय अवघड. वर मूल हिरावले जाईल या भीतीने ती भेटीलाही नकार देते. कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी अहमदाबादच्या आजी-आजोबांना दिला, त्या निकालाचा दाखला बरेच जण देतात. पण तिथे दोन्ही पालक हयात नव्हते.

पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथेच चालतो. नातू पुण्यात शिकत असेल तर नाशिकला दाखल केलेला अर्ज हद्दीच्या मुद्द्यावरच अडकतो. मूल नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यात असेल तर जिल्हा न्यायालयात जावे लागते. मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम भेटीचा अर्ज द्या. निकालापर्यंत थांबलात तर मूल चेहरा विसरते.

मागणी मोघम नको. ‘सोयीनुसार भेट’ असा आदेश निघाला की सोय कधीच होत नाही. दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १, बुधवारी संध्याकाळी ७ वाजता १० मिनिटे व्हिडिओ कॉल, दिवाळीच्या सुटीत दोन दिवस, मुलाला आणणार कोण, सोडणार कोण, मूल आजारी पडल्यास बदली रविवार कोणता, इतके बारीक लिहून द्या. बराच काळ भेट नसेल तर पहिल्या काही भेटी तासाभराच्या, न्यायालयाच्या आवारात, आईच्या उपस्थितीत मागा. न्यायालयातील समुपदेशकासमोर अशी मागणी लवकर मान्य होते.

शाळेच्या फाटकावर परस्पर जाऊन मुलाला गाठू नका. समोरचा वकील तेच प्रतिज्ञापत्रात घालतो. गेलेल्या मुलाच्या विम्याचा किंवा फ्लॅटचा वादही या अर्जात आणू नका. हिंदू वारसा कायद्याने मृत मुलाच्या आईचा, म्हणजे आजीचा, हिस्सा आहेच, पण तो दावा वेगळा चालवा, नाहीतर नातवाची ओढ पैशासाठी आहे असे चित्र उभे राहते. सून पुनर्विवाह करणार असेल तर उशीर करू नका. नव्या पतीने मूल रीतसर दत्तक घेतले की जन्माच्या कुटुंबाशी असलेले नाते कायद्याने तुटते.

पालक व पाल्य कायदा किती जुना आहे ते त्याच्या कलम ४५ मध्ये दिसते. मूल हजर करण्याचा आदेश मोडला तर दंड १०० रुपये, पुढे रोज १० रुपये, तोही एकूण ५०० पर्यंत. दिवाणी कैदेची तरतूद आहे म्हणून निदान थोडा धाक उरतो. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या भेटीसाठी मार्गदर्शक सूचना सुचवल्या, त्यांचा कायदा झालेला नाही. तोवर वकील मंडळींना विनंती, की परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अटी लिहिताना दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या भेटीची एक अट घालावी. पोटगीच्या आकड्यावर तासन्‌तास घासाघीस होते आणि ही ओळ राहून जाते.

वकिलाची फी परवडत नसेल तर अर्ज आजीच्या नावाने करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी.

— कौटुंबिक दावे चालवणारे काही वकील, नाशिक