तात्या, भुसा बघायला शिकवलंत त्याबद्दल

तात्या, साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, तुमचा फोन बटणांचा आणि तोही अर्धा वेळ चार्जिंगला, त्यामुळे हे नातवाने वाचून दाखवायचं आहे. (बाळा, मालवणीत वाच, आणि मधलं काही गाळू नकोस.) तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "गप रव, चाय घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांच्या समोर लिहितोय, आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी देवगडच्या बाजूला फिरती सॉमिल, लाकूड कापायची गिरणी, चालवतो. म्हणजे ओंडका गिरणीत न्यायचा नाही, गिरणीच ओंडक्याकडे न्यायची. लोखंडी रुळांवर ओंडका पडून असतो जागच्या जागी, आणि वरून इंजिन, दोन चाकं आणि त्यावर ताणलेला सव्वा इंची दातेरी पट्टा असं सगळं मिळून पुढे सरकतं आणि एकेक फळी निघते. आमच्याकडे वाड्या अशा की पाणंदीतून रिक्षा जाताना दोन्ही बाजूचे चिरे घासतात, तिथे ट्रक कुठला आणि क्रेन कुठली. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या आसपास आंबे, फणस, माड किती पडले ते सगळ्यांनी बघितलंय. त्यातलं चांगलं चांगलं लाकूड बाहेर काढता येत नाही म्हणून कुऱ्हाडीने फोडून चुलीत गेलं. मी तेव्हा ठाण्याचं वर्कशॉप सुटून लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला, टर्नर म्हणून चौदा वर्षं काढलेली, म्हणलं मशीन आपल्याला नवीन नाही, हाच धंदा करायचा. 2022 च्या दिवाळीत कर्ज काढून मशीन आणली.

आणि तिथेच पहिल्यांदा तुम्ही आडवे आलात. मशीन टेम्पोतून उतरत होती, सगळी वाडी जमलेली, आई नारळ फोडायच्या तयारीत, आणि तुम्ही आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारलंत, "कागद आसत काय रे?" मी म्हणलं तात्या ही फिरती आहे, ट्रॅक्टरसारखी, हिला कसले कागद. तर तुम्ही म्हणालात, "चाका लावली म्हणान गिरणीची काय बैलगाडी होता?" लोक हसले. मला राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. वाटलं म्हातारा आयुष्यभर दुसऱ्याच्या गिरणीत पट्ट्यांना धार लावत बसला, आता दुसऱ्याचं बघवत नाही.

पण रात्री झोप लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी आलो तुमच्याकडे आणि तुम्ही ओटीवर बसून सगळं सांगितलंत. सुप्रीम कोर्टाने 2002 साली आदेश काढला की कोर्टाने नेमलेल्या समितीची परवानगी असल्याशिवाय कुठल्याच राज्याने नवीन सॉमिल उघडू द्यायची नाही, पुढे 2016 ला केंद्राने लाकडाच्या उद्योगांसाठी नियमावली काढली, पण परवाना लागतोच. आणि झाडाचं वेगळंच, 1964 चा झाडतोडीचा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर सगळे आहेत, आपल्या परड्यातला असला तरी तोडायला परवानगी लागते. तुम्ही चौथी शिकलेले, मी आयटीआय, आणि मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पुढे वर्षभरावर मशीन पडवीत ताडपत्री घालून पडून राहिली आणि मी खेपा घालत राहिलो. एका कार्यालयात तर माझी फाईल तीनदा हरवली, तिसऱ्या वेळी ती माझ्यासमोरच टेबलावर होती. बँकेचा हप्ता काही ताडपत्रीखाली थांबत नाही, त्या वर्षी बायकोने काजू सोलून घर चालवलं. तुम्ही दोनदा माझ्याबरोबर एसटीने आलात, स्वतःचं तिकीट स्वतः काढून, आणि साहेबासमोर एक शब्द न बोलता नुसते बसून राहिलात. तुमच्या बसण्यामुळे काय झालं मला माहीत नाही, पण मी ओरडलो नाही एवढं नक्की झालं. तेव्हा ओरडलो असतो तर आज धंदा नसता.

आता त्या फणसाचं. हे मला लिहायचंच होतं.

जानेवारी 2024, परवाना हातात आल्यावरचं पहिलं मोठं काम. वादळात पडलेला फणस, पावणेतीन वर्षं परड्यात आडवा पडलेला, वरचं पांढरं भेंड किडीने खाल्लेलं पण पहिला काप गेला आणि आतला गाभा हळदीसारखा पिवळा निघाला, आजूबाजूच्या बायका पण बघायला आल्या. मालकाच्या आजोबांनी लावलेलं झाड. त्याला त्याच्यातून नवीन घराची दारं करायची होती, सव्वा इंची फळ्या हव्या होत्या. पहिल्या दोन सुंदर आल्या. तिसरी निघाली ती एका टोकाला दीड इंच आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक, मध्ये लाट. चौथीही तशीच. मी पट्ट्याचं टेन्शन वाढवलं, पट्टा सरळ धरणारे गाईडचे रोलर जवळ घेतले, मशीन हळू ढकलली, मग जोरात ढकलली, पाण्यात साबण टाकून पाणी वाढवलं कारण फणसाचा चीक पट्ट्याला चिकटतो असं वाचलं होतं. पाचवी सगळ्यात वाईट. मालक काही बोलत नव्हता, नुसता फळी उभी धरून एका डोळ्याने बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्ही कधी आलात मला कळलंच नाही. इंजिन बंद केलं तर तुम्ही खाली उकिडवे बसलेले आणि तळहातावर भुसा.

"भुसो बघ रे झीला, भुसो."

मी बघितला. मला काय दिसणार, भुसा तो भुसा. तुम्ही पहिल्या फळीखालचा भुसा वेगळा काढून दुसऱ्या हातावर घेतलात आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरलेत. एकात रव्यासारखे जाडसर कण, बोटांना टोचणारे. दुसऱ्यात नुसती पिठी. "ह्या पीठ झाला. भाकरी भाजूची आसा काय?" म्हणजे दात कापत नव्हते, घासत होते. मग पट्टा उतरवायला लावलात आणि अंगठ्याचं नख दातांवरून फिरवायला सांगितलंत, आधी वरच्या बाजूला वळलेले दात, मग खालच्या बाजूला वळलेले. वरच्यांवर नख अडकलं. खालच्यांवरून सरळ घसरत गेलं, काचेवरून जातं तसं. एका बाजूची धार गेली की पट्टा धार असलेल्या बाजूला ओढला जातो, म्हणून तो सारखा वर चढत होता, आणि मी बावळट रोलर फिरवत बसलेलो. मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस मी, आणि दात बघायचं सुचलं नाही.

मग तुम्ही ओंडक्याकडे गेलात, कापलेल्या तोंडावर दोन रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता तो दाखवलात. मला तो सडका वाटला होता. पिवळ्या लाकडात असा निळसर काळा डाग म्हणजे आत लोखंड. पटाशीने टोकरलं तर झोपाळ्याची जुनी कडी, लाकडाने पूर्ण गिळलेली. मालकाला तेव्हा आठवलं, त्याची आत्या लहानपणी तिथे झोपाळा बांधायची. आम्ही कडीला निसटती घासून गेलो होतो आणि आवाजसुद्धा आला नव्हता, किंवा आला असेल तर इंजिनात ऐकू आला नाही.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. मालकाला म्हणालात, "चूक तेची नाय, कडयेची." खरं तर माझीच चूक होती, तिसऱ्या फळीलाच थांबायला हवं होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. वाकड्या फळ्या एकेक हातात घेऊन तुम्ही हिशेब सांगितलात, ही रंधा मारून पाऊण इंच होईल, हिचा देव्हारा कर, फणसाचाच चांगला, ह्या दोनांचे कपाटाचे पल्ले, आणि अजून अर्धा ओंडका शिल्लक आहे त्यातून दारं निघतील, नवीन पट्टा लावून. दारं निघाली. मी त्या पाच फळ्यांची मजुरी घेतली नाही. देव्हारा आज त्यांच्या घरात आहे, गणपतीला मी मुद्दाम बघून आलो, लाट कुठे दिसत नाही. घरी जाताना मात्र वाटेत तुम्ही मला जे ऐकवलंत ते इथे लिहीत नाही, बाळ वाचतोय.

त्यानंतरचे सगळे गुरुवार तुमच्या पडवीत. दात कसे मुरडायचे, एक वर, एक खाली, एक सरळ, मुरड जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त दिली तर फळीवर ओरखडे आणि कमी दिली तर पट्टा लाकडात आवळतो आणि तापतो. तापला की निळा पडतो, निळा पडला की गेला. एका पट्ट्याच्या पैशात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार होतो, त्यामुळे हे शिक्षण मला किती रुपयांना पडलं असतं त्याचा हिशेब न केलेला बरा.

धंद्याचंही तुम्हीच शिकवलंत. मी दिवसावर पैसे घेत होतो, तुम्ही म्हणालात घनफुटावर घे, नाहीतर लोक दिवसभर चहा पाजतील आणि ओंडका संध्याकाळी दाखवतील. गोलाईचा, म्हणजे ओंडक्याच्या घेराचा, चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. साठ इंच गोलाई आणि दहा फूट लांबी, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा भागिले 144 गुणिले दहा, साडेपंधराच्या वर घनफूट. मी घरी जाऊन पायच्या (π) सूत्राने काढलं तर वीसच्या जवळ आलं, धावत आलो तुमच्याकडे की तात्या आपण फसतोय, तर तुम्ही हसत राहिलात, तो मधला फरक सालीचा आणि कडेच्या पाटाचा, ते कोणाच्या दारात लागतं, त्याचे पैसे मागशील तर गिऱ्हाईक परत येईल का. आणि दुसरा नियम, लोखंड लागून पट्टा गेला तर पट्ट्याचे पैसे मालकाचे, पण हे ओंडका चढवायच्या आधी बोलायचं, नंतर नाही. आता मी मेटल डिटेक्टर पण ठेवलाय. तुम्ही त्याला खेळणं म्हणता, पण मागच्या मे महिन्यात त्याने एका आंब्यात सात खिळे आणि एक घोड्याचा नाल दाखवला. घोडा आमच्या गावात कधी होता ते विचारत फिरतोय.

माडाचं तर विचारूच नका, तिथे पण तुम्हीच. मी इतर झाडासारखा मधला भाग चांगला म्हणून ठेवला आणि कडा फेकायला निघालो, माडाचं नेमकं उलटं, कड दगडासारखी आणि पोटात भुसकट.

आणि मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस. तुम्ही एप्रिलपासून सांगत होतात आंबा कापलास तर लगेच रचून ठेव, प्रत्येक थराखाली पट्ट्या, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, टोकांना ऑइल पेंट, वर पत्रा आणि बाजूने वारा. मी एका गिऱ्हाइकाच्या फळ्या घाईत एकमेकींवर तशाच ठेवल्या. आठ-दहा दिवसांनी उघडल्या तर निळी-काळी बुरशी. भरून दिल्या. हे तुम्हाला मी अजून सांगितलं नव्हतं.

लोक विचारतात पैसे किती दिलेस तात्यांना. दिले होते एकदा पाकिटात, तुम्ही ते आईकडे परत दिलंत, "माका कित्याक व्हये?" म्हणून. एक फणसाचा पाट तेवढा घेतलात, तोही कडेचा, गाठीवाला, चांगला देत होतो तो नको म्हणालात. काकी सांगत होत्या रोज त्याच्यावरच जेवायला बसता.

आता पावसात मशीन पडवीत आहे, पण ह्या वेळी कागद नाहीत म्हणून नाही. दसऱ्यानंतरची चार कामं बोलून झाली आहेत, एक होडीवाले आहेत, त्यांना उंडीचं लाकूड कापून हवं आहे, हल्ली सगळे फायबरच्या होड्या घेतात पण ह्यांना लाकडाचीच हवी. उंडी मी कधी कापलेली नाही. पट्टा कुठला लावू ते विचारायचं आहे.

गुरुवारी येतो, सात पट्टे आहेत धारेला. आणि एक राहिलंच. गेल्या वर्षी तुमच्या ग्राइंडरचा दगड फुटला आणि तुम्ही "मांजरान पाडल्यान" म्हणून त्या बिचाऱ्या मांजराला महिनाभर पडवीत येऊ दिलं नाहीत. तो मी पाडला होता. नवीन दगड घेऊन येतोय.

तुमचा,
गडग्यापलीकडचा