तक्रार: ४५० बुशमास्टरच्या डाय सेटमध्ये चुकीचा सीटिंग डाय, आणि तिकीट परस्पर बंद

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवलाय. हे पत्र मॅनेजमेंटकडे गेलं पाहिजे, परत त्याच डेस्ककडे नको.

४५० बुशमास्टर ही रायफलची काडतुसं स्वतः भरायला (रीलोडिंगला) तुमचा डाय सेट घेतला. बॉक्सवर टेपर क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड न वळवता बुलेटवर नुसतं दाबणारा, असं छापलंय आणि आतला सीटिंग डाय, म्हणजे केसमध्ये बुलेट बसवणारा साचा, रोल क्रिम्पचा निघालाय, केसचं तोंड आत वळवतोय. ४५-७० च्या काडतुसाला चाललं असतं, त्याचा हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये टेकायची जागा, बुडाच्या कडेवर (रिमवर) असते आणि ट्यूब मॅगझिनमध्ये बुलेट मागे सरकू नये म्हणून रोल क्रिम्प लागतोच. पण बुशमास्टर केसच्या तोंडावर टेकतं हो! तोंडच आत वळलं तर काडतूस चेंबरमध्ये टेकणार कशावर? ते जास्त आत जातं, फायरिंग पिनचा ठोका नीट बसत नाही, बुडातला प्रायमर फुटत नाही. आणि तेच तोंड चेंबरच्या कडेपुढे घुसून बुलेटला आवळून बसलं तर प्रेशर भलतंच वाढतं, आणि रायफल तेव्हा गालाला लागलेली असते.

केसेस मी सगळ्या मोजल्यात, १.७०० इंचाच्या वर एकही नाही, लांबी एकसारखी, तोंडाचा फ्लेअर (फाकवणं) बुलेट बसेल इतकाच, डाय तुमच्याच कागदाप्रमाणे लावलेला. हे सगळं फोनवर सांगितलं. त्यावर तुमचा माणूस म्हणतो, "साइझिंग डाय अजून खाली घ्या, शोल्डर मागे जाईल." (साइझिंग डाय केस मापात आणतो, शोल्डर म्हणजे केस तोंडाकडे अरुंद होते तो खांदा.) मी म्हटलं, ही सरळ भिंतीची केस आहे, हिला शोल्डर नसतो. तर म्हणे, "सर, रायफलच्या केसला शोल्डर असतोच, तुम्ही पिस्तुलाचं काडतूस भरताय का, बघून घ्या." बॉक्सवर तुमच्याच कंपनीने लिहिलेलं नाव मी त्याला वाचून दाखवलं. मला होल्डवर टाकलं, परत आला आणि म्हणाला, "मग क्रिम्प अजून घट्ट करून बघा." अहो, तोंड आत वळतंय हीच तक्रार आहे आणि तुम्ही ते अजून वळवायला सांगताय! रीलोडिंगची हत्यारं विकणाऱ्या कंपनीने हा सल्ला द्यावा? नवशिक्या माणसाने ऐकला असता तर? फोन ठेवेपर्यंत तिकीट 'सॉल्व्ह्ड' झालं होतं.

ओहायोसारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफल घ्यायची तर सरळ भिंतीचीच काडतुसं चालतात, त्या लोकांनाच तुम्ही हा सेट विकताय आणि तुमच्या सपोर्टला सरळ भिंत म्हणजे काय तेच माहीत नाही. माझी प्रेस तुमची, शेल होल्डर तुमचे, आजवर दुसऱ्या कुणाचं घ्यावंसं वाटलं नाही. आता वाटतंय.

बॉक्सवर टेपर क्रिम्प लिहिलंय, मला टेपर क्रिम्पचाच डाय पाहिजे, नाहीतर सेट परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. खराब झालेल्या केसेस आणि बुलेट्सची भरपाईही द्या. आणि या लॉटचे बाकीचे सेट तपासून, ज्यांनी घेतलेत त्यांना आधी कळवा. उत्तर लेखी पाहिजे, फोन करू नका. तिकीट पुन्हा असंच बंद झालं तर वळलेल्या तोंडांचे फोटो लॉट नंबरसकट सगळीकडे टाकणार आणि ग्राहक तक्रारही करणार.