फोटोला जागा द्या, खाली नाव द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक छायाचित्रण दिनाला, १९ ऑगस्टला, आपण पानभर मजकूर दिलात. १८३९ मधल्या फ्रेंच दागेरच्या फोटो काढण्याच्या तंत्रापासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळं त्यात आलं, फक्त आज फोटो काढणारी पंचविशी-तिशीतली पोरं आली नाहीत. फोटो होते ते दिवे घाटात ड्रोनने टिपलेली वारी, सुरकुतलेल्या चेहऱ्याचे आजोबा, सूर्यास्त. त्यातल्या दोहोंखाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढंच. काढलं कुणी, ते वाचकाने विचारायचं नाही.

माझा जामखेडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, बारसं, लग्न आणि हल्ली प्री-वेडिंग, असं सगळं करतो. लग्नसराईत माझ्याकडे कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता सहज टिपायचे फोटो काढायला येणारी मुलं तिथी संपल्या की आपापलं काहीबाही टिपत हिंडतात आणि प्रिंट काढायला माझ्याच दारात येतात. त्यामुळे ती काय करतात ते मला दिसत असतं. त्यातल्याच एकीचं सांगतो.

पाटोदा तालुक्यातली मुलगी आहे. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्याकडे जातात. ऊसतोडीचा फोटो म्हटलं की आपल्यापुढे एकच चित्र येतं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई. हिच्या फोटोंत ऊस नाही, कोयता नाही आणि आईबापही नाहीत. मागे राहिलेलं घर आहे. दोरीवर फक्त लहान मापाचे कपडे. शाळेच्या कागदावर पालकाच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा, शाई जरा पसरलेली. धाकटा भाऊ तांब्याला मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉलवर बोलतोय, पण स्क्रीन आपल्याकडे नाही. त्याच्या गालावर पडलेला उजेड तेवढा दिसतो. मी विचारलं, “आई एकाही फोटोत कशी नाही गं?” तर म्हणाली, “काका, आमाला तरी कुठं दिसती ती?”

हे सगळं मोबाइलवर काढलेलं आहे. आता यातला कुठलाही एक फोटो उचलून दाखवा, कुणीही म्हणेल, ‘बरं मग?’ दोरीवरचे कपडे म्हणजे दोरीवरचे कपडेच. एकामागून एक पाहत गेलं की मग पोटात कालवतं. एका स्पर्धेला तिने पाठवायचं ठरवलं तर नियम आडवे आले: प्रवेशिका एकच, मोबाइलवर काढलेली चालणार नाही. स्पर्धेचं नाव लिहीत नाही, कारण असे नियम असलेली ती एकटीच नाही. मग पोरं तरी काय करणार? बक्षीस लागेल असा एक फोटो मिळवायला वारीच्या रिंगणात घुसतात आणि वारकरी बायांना कोपरं लागतात.

या मुलीने छायाचित्रकार सोहराब हुरा यांचं नाव ऐकलेलंही नाही. पण त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या घरातच कॅमेरा फिरवला. आईला स्किझोफ्रेनिया, सोबत म्हातारी होत चाललेली कुत्री. त्या कामाची दखल जगाने घेतली. २०२० मध्ये ते मॅग्नम या छायाचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पूर्ण सदस्य झाले. त्यांच्याआधी भारतातून तिथे रघू राय होते. तमिळनाडूतल्या वाडिपट्टीचे जयसिंग नागेश्वरन टाळेबंदीत गावी परतले आणि आपल्याच दलित कुटुंबाचे फोटो काढू लागले. त्यांच्या आजीने गावात शाळा काढली होती. त्या घराकडे बाहेरचा फोटोग्राफर फक्त दैन्य शोधत आला असता.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते मदुराईचे एम. पळनी कुमार. आई मासे विकून घर चालवायची. पहिला कॅमेरा कर्ज काढून घेतला. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचे, त्यांच्यामागे उरलेल्या बायकामुलांचे फोटो त्यांनी काढले. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात मासे आणायला निघालेल्या स्वतःच्या आईचेही काढले. छायाचित्रकार दयानिता सिंग यांना २०२२ चा हॅसलब्लाड हा छायाचित्रणातला मानाचा पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळाबरोबर माहितीपर छायाचित्रणासाठी एक पुरस्कार सुरू केला, त्याचे पहिले मानकरी पळनी. ‘पारी’ मराठीतही वाचता येते, तेव्हा हे काम आपल्या वाचकाला परकं नाही.

आपल्याकडे ही रीत नव्हती असंही नाही. सुधारक ओलवे मूळचे वृत्तछायाचित्रकार. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते गटारापर्यंत गेले आणि त्यांच्या घरीही गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले, वारीत चालले. दोघांचंही काम एका फोटोचं नाही. पद्मश्रीची बातमी आपण सगळे छापतो, पण असं काम उभं राहायला लागणारी जागा कुणी देत नाही.

नव्या पोरांचं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. हललेला फोटो आणून ‘ही माझी शैली’ म्हणणारेही येतात. एकाने रिकाम्या खुर्चीचा फोटो आणि त्यासोबत दोन पानी निवेदन आणलं होतं. निवेदन मला कळलं नाही, खुर्ची कळली. फोटोला इतकं समजवावं लागत असेल तर अजून थोडं हिंडून यावं, असं माझं मत. पण हे कोण सांगणार? आमच्या भागात फोटो पाहून बरं-वाईट बोलणारं कुणी नाही. लाइक देणारे रग्गड आहेत.

म्हणून विनंती एवढीच. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान एकाच तरुण छायाचित्रकाराला द्या. आठ-दहा फोटो, त्याने लावलेल्या क्रमाने. वरून कवितेच्या ओळी नकोत. कुठे काढले, फोटोतली माणसं कोण, एवढ्या साध्या ओळी पुरेत. त्या माणसांची परवानगी घेतली का, हे आपल्या माणसाने विचारावं. खाली पूर्ण नाव असावं आणि मानधनही द्यावं. नाव छापलं म्हणजे मानधन दिलं, असा हिशेब नको. पुरवणी रंगीत निघते, कागदही बरा असतो. रोजच्या अंकाच्या कागदावर रात्रीचे फोटो छापले तर नुसतं काळं बसतं, माणूस दिसत नाही.

आणि फोटो कृपया मेलवर मागवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचं छपाईत काय होतं, हे आपल्या छपाई विभागाला विचारा. रोज गिऱ्हाईकांशी त्यावरूनच माझा वाद होतो.

आपला नियमित वाचक,
एक स्टुडिओचालक, जामखेड, जि. अहिल्यानगर