पान उजेडाला धरून बघ

ठाणे
गुरुवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मध्येच गप्प झालास, ते माझ्या ध्यानात आलं. शुक्रवारी संध्याकाळी तू हौसेने फ्लॉवरची भाजी केलीस आणि खोलीवर जेवायला आलेल्या मित्राने मासे खाल्ले, भाजीला हात लावला नाही. "फ्लॉवर तपासलास का?" असं त्याने विचारलं, तू म्हणालास, "धुतलाय की." मग तो काही बोलला नाही आणि तुला वाटलं, आपण हिंदुस्तानातून आलेले बेने इस्रायल, मराठी ज्यू, म्हणून हा आपल्या घराला काशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खाण्याजोगं, समजत नाही. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाळा, त्याचा राग धरू नकोस. त्याने विचारलं ते बरोबर होतं. धुणं वेगळं आणि बघणं वेगळं.

मांसाच्या बाबतीत आपण किती जपतो ते तू लहानपणापासून पाहिलंस. दूध आणि मटण एकत्र येऊ नये म्हणून रस्सा नारळाच्या दुधात, खवले-पर नसलेला मासा घरात येत नाही. पण भाजी म्हटली की माणूस निर्धास्त होतो. तोरा, म्हणजे आपला मूळ धर्मग्रंथ, त्यातल्या वायिक्रा या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात जमिनीवर सरपटणारं, वळवळणारं काही खाऊ नका असं एकदा नाही, फिरून फिरून सांगितलंय. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, मक्कोत नावाच्या भागात हिशेबच मांडलाय: एक मुंगी खाल्ली तर पाच आज्ञा मोडतात, गांधीलमाशीला सहा. डुकराच्या मांसालाही इतक्या लागत नाहीत. तू कधी डुकराचं मांस तोंडाजवळ नेशील का? मग फ्लॉवरच्या तुऱ्यातल्या अळीला आपण हलकं का समजायचं? आणि अख्खा जीव असेल तर हजार वाट्या रश्शातसुद्धा तो "मिसळून गेला" असं धरत नाहीत. मटणात चुकून दुधाचा थेंब पडला तर मटण त्याच्या साठपट असलं की चालतं, इथे तो हिशेब चालत नाही.

आता दुसरी बाजूही ऐक, कारण भिऊन भाज्याच सोडून देणारेही मी पाहिलेत. जे साध्या डोळ्याला दिसतं तेवढंच मना आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात काय पोहतं त्याची चिंता नाही, तोरा माणसाच्या डोळ्यासाठी दिलेली आहे. आणि सगळीच भाजी सारखी नाही. जिच्यात बहुतेक वेळा किडे निघतात ती तपासल्याशिवाय चालणारच नाही. ज्यात कमी पण नेमाने निघतात, पुष्कळजण दहात एक असा अंदाज धरतात, तीही बघावी लागते. काकडी, गाजर, केळं यांत क्वचितच काही निघतं, तिथे सोलून-धुऊन खाल्लं की झालं.

पण डोळा चांगला हवा. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

मागच्या हिवाळ्यात आपल्याकडे शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवशी, पाहुणे होते. मी नेहमीसारखी कोथिंबीर निवडली, धुतली, चिरून वरून पेरली. बाबांनी ताटात वाकून बघितलं आणि चमच्याच्या टोकावर एक पान उचलून मला दाखवलं. मला पानच दिसत होतं. ते म्हणाले, "नीट बघ." पुन्हा बघितलं, पानच. शेवटी त्यांनी ते पांढऱ्या बशीच्या कडेला पुसलं, तेव्हा कुठे हिरवा मावा दिसला, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. त्यांनी कुणाला कळू न देता सगळ्या वाट्या आत नेल्या. मी मोरीत उभी राहून रडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि मला वाटत होतं, दिवेच मंद झालेत. किती महिने मी न दिसणारं "निवडून" घरच्यांना वाढत होते, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. सिनेगॉगमधल्या जाणत्यांना विचारलं. ते म्हणाले, ज्याला दिसत नाही त्याने तपासू नये, दिसणाऱ्याला बसवावं. ऑपरेशन होईपर्यंत खालच्या मजल्यावरची कॉलेजातली पोर रोज अर्धा तास येऊन भाजी बघून जायची. पट्टी निघाल्यावर मी पहिल्यांदा काय हातात घेतलं असेल? कोथिंबिरीची जुडी. देठांच्या बेचक्यात मावा बसला होता आणि मला तो दिसला.

म्हणून तू "धुतलाय की" म्हणालास तेव्हा मला माझीच ती संध्याकाळ आठवली.

आता कसं करायचं ते लिहिते. फ्लॉवरचे तुरे अगदी लहान तोड, अख्खा गड्डा बाहेरून बघून काही कळत नाही. पातेल्यात कढत पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेव, ढवळ, आणि ते पाणी पांढऱ्या, दाट विणीच्या फडक्यातून गाळ. फडकं खिडकीशी ने. फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा असतो, बारीक लांबट, पेनाने काढलेल्या छोट्या रेघेसारखा. एक जरी दिसला तरी पुन्हा नवं पाणी, पुन्हा फडकं. तरीही निघतच राहिले तर तो गड्डा टाकून दे, पैशाकडे बघू नकोस.

पालेभाजी मूळ कापून सुटी कर. भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडव, म्हणजे माव्याची पकड सुटते. मग नळाखाली एकेक पान दोन्ही अंगांनी चोळून धू. त्यानंतर पान उजेडाला धरून बघ. पानावर फिकी, नागमोडी रेघ गेलेली दिसली तर ती नागअळीची वाट आहे. रेघेच्या एका टोकाला अळी पानाच्या आत बसलेली असते, धुऊन ती जात नाही. तेवढा भाग कापून टाक. तुमच्याकडच्या पेसाह सणाच्या सेदेरला, त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, कडू भाजी म्हणून लेट्यूसची पानं लागतात, तिथेही हेच. पुष्कळ वाद-चर्चा त्या एका पानावर झालेली आहे. ज्याला नीट तपासता येत नाही त्याने कडू भाजी म्हणून लेट्यूसऐवजी तिखट मुळा (हॉर्सरॅडिश) घ्यावा, असं मोठमोठ्या रब्बींनी लिहून ठेवलंय.

हिरव्या वाटणाबद्दल विशेष सांगते, कारण तू घाईत असतोस. कोथिंबीर मिक्सरमध्ये गेली की काही दिसत नाही, तेव्हा वाटलं की सुटलं, असं मनात आणू नकोस. आधी धुवायचं, बघायचं, मग वाटायचं. जे मना आहे ते मुद्दाम चुरून नाहीसं करायला परवानगी नाही. वेळ नसेल त्या दिवशी खोबऱ्याचं वाटण कर. नाहीतर जाळीबंद शेडमधली पालेभाजी मिळते तुमच्याकडे, ती आण. गाझातल्या गुश कातिफ या इस्रायली वस्त्यांच्या वाळूत ती पद्धत मोठी झाली, 2005 साली त्या वस्त्या उठल्या तरी नाव अजून पाकिटांवर चालतं. तीसुद्धा पाकिटावर सांगितलंय तशी धुऊनच घे.

तांदूळ मात्र परातीत पसरून बघ, सोंडे आणि जाळी दोन्ही. पेसाहमध्ये भात खाणाऱ्या कितीतरी घरांत तो तीन-तीनदा निवडतात. मलिद्याचा खजूर उभा चिरून आत काळी भुकटी आहे का ते पाहायचं, हे तुला येतंच.

आणि वाल. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे तिशा बआवच्या उपासाला, आजी वाल सोलायला बसायची ते आठवतं ना? भोक पडलेला दाणा ती भिजवायच्या आधीच बाजूला करायची, आणि मोड आल्यावर प्रत्येक दाणा सोलताना त्याच्या दोन्ही डाळी तिच्या बोटांखालून जायच्या. तिला हलाखातले, धर्मनियमांतले, शब्द येत नव्हते. पण तिच्या बिरड्यातला एकही दाणा न बघितलेला नसायचा. आपल्यात सांगतात ना, बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू माणसाने आपल्या समाजातल्या बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याला आपण कोण ते कळलं. प्रार्थना विसरलेल्या लोकांची ओळख निवडणाऱ्या हातांवरून पटली. म्हणून तुझ्या मित्राला "आमच्याकडे असंच करतात" असं कधीही सांगू नकोस. आमच्याकडे असं करत नाहीत. तू घाई केलीस.

हे सगळं शुक्रवारी दुपारीच उरक. शब्बाथला निवडणं चालत नाही, त्या दिवशी मना असलेल्या एकोणचाळीस कामांतलं ते एक आहे. येत्या शुक्रवारी त्या मित्राला संध्याकाळऐवजी तीन वाजता बोलाव आणि त्याच्यासमोर फ्लॉवर घेऊन बस. त्याला जास्त माहीत असेल तर शिकून घे, लाजू नकोस.

मावशी महिनाअखेरीस तिकडे येतेय. तिच्याबरोबर आजीच्या पांढऱ्या साडीची चार फडकी शिवून पाठवते, धुऊन धुऊन मऊ झालीत पण वीण दाट आहे. एकाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग राहिलाय, गाळताना तेवढा कोपरा बाहेर ठेव.

तुझी,
आई