सही नटीची नव्हे, तिच्या आईची निघाली, त्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही ही अट पाळतेय. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. मामाच्या संग्रहातल्या सिनेकलाकारांच्या तीन सह्या तपासताना तुम्ही जे दाखवलंत, ते घरात सही केलेलं जुनं पोस्टर किंवा फोटो असणाऱ्या कुणाच्याही कामाला येईल.

मामा गेल्यावर संग्रह माझ्याकडे आला. ज्यांना ज्यांना तो दाखवला, ते सगळे एकच करत होते: मोबाइलवर त्या कलाकाराची सही शोधायची, शेजारी धरायची आणि 'जुळतेय की!' म्हणायचं. तुम्ही सहीकडे पाहण्याआधी मला विचारलंत, "ही वस्तू त्या माणसाच्या हातात पडणं शक्य होतं का?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

हॉलिवूडचा नट जेम्स डीन याच्या लॉबी कार्डाचा, म्हणजे चित्रपटगृहाच्या दालनात लावायच्या छापील जाहिरातीच्या चित्राचा, निकाल त्या एका प्रश्नातच लागला. डीन 30 सप्टेंबर 1955 ला अपघातात गेला. त्याच्या तीन प्रमुख चित्रपटांपैकी दोन त्यानंतर प्रदर्शित झाले, आणि आमचं कार्ड त्यातल्या शेवटच्या, 1956 मधल्या चित्रपटाचं. सही कितीही हुबेहूब असो, ती त्याची असूच शकत नव्हती. भिंग बाहेर काढायचीही गरज पडली नाही.

दुसरा फोटो बऱ्याच अलीकडच्या नटाचा. त्याच्या सहीचा दुसरा एक नमुना तुम्ही पारदर्शक करून आमच्या सहीवर ठेवलात, तर दोन्ही केसाचाही फरक न राहता एकावर एक बसल्या. मला आनंद झाला होता, आणि तुम्ही मान हलवलीत. कोणताही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. ते ऑटोपेनचं काम: साच्यावरून यंत्र पेन फिरवतं, रेघेला सगळीकडे एकसारखी जाडी येते आणि पेन टेकतं-उचलतं तिथे बारीक ठिपका उरतो. सह्या अगदी जुळल्या की संशय वाढायला हवा, हे मला कायमचं लक्षात राहील.

पण हे पत्र खरं तर तिसऱ्या फोटोसाठी आहे. 1930 च्या दशकातली हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिचा स्टुडिओत काढलेला तो कृष्णधवल फोटो मामाचा सर्वांत लाडका होता.

त्याला तुम्ही किती वेळ दिलात! हार्लो 7 जून 1937 ला गेली, अवघ्या 26 व्या वर्षी. बॉलपेन अमेरिकेत दुकानात विकायला आलं ते ऑक्टोबर 1945 मध्ये, त्यामुळे सही बॉलपेनची निघाली असती तर विषय तिथेच संपला असता. भिंगाखाली मात्र निबाच्या खुणा स्पष्ट होत्या. जिथे हात दाबला गेला होता तिथे निबाची दोन टोकं फाकून रेघेच्या दोन्ही कडांना बारीक गडद धार आली होती. फोटो उजेडात तिरका धरल्यावर शाईची चमक कागदाच्या चमकेपासून वेगळी दिसली, म्हणजे सही फोटोबरोबर छापून आलेली नव्हती. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा उजळला नाही. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं 1950 च्या दशकापासून रुळली, आणि इथे त्यांचा मागमूस नव्हता. मग तुम्ही रेघांची टोकं दाखवलीत. गिरवलेल्या सहीत रेघ बोथट सुरू होते, मध्येच थरथरते, नको तिथे पेन उचललेलं दिसतं. इथे प्रत्येक रेघ निमुळती सुरू होऊन निमुळतीच सुटत होती. सवयीच्या हाताने, वेगात, न थांबता केलेली सही.

एवढं सगळं बाजूने असताना दुसऱ्या कुणीही 'अभिनंदन' म्हणून फोटो परत दिला असता. तुम्ही तिच्या करारपत्रांवरच्या सह्यांच्या प्रती काढल्यात. तिथे ती सही करणार हे नक्की असतं, त्यामुळे तुलना त्यांच्याशीच करायची, हेही सांगितलंत. आणि अक्षरांची घडण वेगळी निघाली. हात सराईत होता, पण दुसऱ्याचा होता.

मग तुम्ही सांगितलेली हकीकत मी तेव्हापासून किती जणांना ऐकवली असेल! चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून जाणाऱ्या हार्लोच्या बहुतेक फोटोंवर तिची आईच सह्या करायची. मुलीचं पाळण्यातलं नाव हार्लीन कार्पेंटर. पडद्यासाठी तिने आईचं माहेरचं नाव घेतलं, जीन हार्लो. म्हणजे आमच्या फोटोवर सही करणारीने स्वतःचंच जुनं नाव लिहिलं होतं. तिला बनावट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तुम्हीही तो शब्द वापरला नाहीत. "त्या काळातली, त्या घरातली, पण तिची नव्हे," इतकंच म्हणालात. एवढं अचूक उत्तर मला दुसरीकडे मिळालं नसतं.

मध्यंतरी एका विक्रेत्याने फोटो न पाहताच अस्सलतेचं प्रमाणपत्र देऊ केलं होतं, तेव्हा तुम्ही मला ऑपरेशन बुलपेनबद्दल सांगितलंत. 1990 च्या दशकात एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने बनावट सह्यांचा मोठा धंदा उघडकीला आणला, त्यात मदर तेरेसांची 'सही' असलेले बेसबॉलसुद्धा सापडले आणि अशा मालाबरोबर प्रमाणपत्रंही बिनदिक्कत दिली जात होती. प्रमाणपत्र हासुद्धा एक कागदच, तो कुणी आणि काय पाहून दिला ते आधी विचारायचं, हे तुमचं म्हणणं मी आता अशा सह्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सर, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. त्याहून मोलाचं म्हणजे मला बरं वाटावं म्हणून उत्तर सौम्य केलं नाहीत. मामाने तो फोटो आयुष्यभर जपला. आज तो असता तर आईची गोष्ट ऐकून हिरमुसला नसता, उलट तुम्हाला आणखी दहा प्रश्न विचारत बसला असता, याची मला खात्री आहे.

फोटो मी विकणार नाही. पाकिटावर पेन्सिलने नोंद केली आहे: 'जीन हार्लो, स्टुडिओ छायाचित्र, शाईची सही, बहुधा आईच्या हातची.' डीनचं कार्ड आणि ऑटोपेनचा फोटो वेगळे काढून त्यांवरही कारणासकट नोंदी केल्या आहेत, म्हणजे माझ्यानंतर कुणाची फसगत व्हायला नको.

अजून काही पोस्टरं उरली आहेत. त्यातल्या एकावर सहीची शाई घडीच्या भेगेत उतरल्यासारखी वाटते, म्हणजे भेग आधी पडली आणि सही नंतर झाली असावी. माझं हे वाचन बरोबर आहे का, ते तुम्हीच सांगा. दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि भेगेचा जवळून काढलेला फोटो या आठवड्यात पाठवते.

तुमची कृतज्ञ,
मामाची भाची